पालकाच्या रकान्यातली सही

तुमच्या तोंडातून निघालेला शेवटचा दात कोणाच्या 'हो'नं निघाला?

हसू नका. हा प्रश्न मी टांग्यात विचारला आहे, वाचनालयाच्या पायरीवर विचारला आहे, एका वकिलाच्या ओसरीवरही विचारला आहे. पुरुष छातीवर हात ठेवून सांगतात, "माझ्याच, आणखी कोणाच्या?" मग मी पुढचं विचारतो, की तुमच्या घरातल्या बाईचा दात निघाला तो कोणाच्या? इथं पानाचा डबा उघडतो, चष्मा पुसायला निघतो. वकीलसाहेब म्हणाले, "अहो, दात काढायला 'हो' कशाला लागतो? दुखतो म्हणून तर माणूस जातो."

मीही असंच समजत होतो. मग माझ्या अक्काचे चार दात गेले.

अक्का माझी सख्खी थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांतच ती विधवा होऊन हुबळीच्या कमरीपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत परत आली, धारवाडला जाऊन ट्रेनिंग करून आली आणि मराठी मुलींच्या शाळेत लागली. वडील गेल्यावर घर तिच्यावरच चाललं. वडिलांनी मागं ठेवली ती एक पत्र्याची पेटी. त्यांना रस्त्यात, सभेत, देवळाबाहेर जे पत्रक मिळे ते घडी करून ते पेटीत टाकत. स्वदेशीची, दारूबंदीची, मुलींच्या शिक्षणाची, त्या शिक्षणाच्या विरुद्धचीही. अक्कानं मला अक्षरं शिकवली ती त्या पत्रकांवर, कारण त्यांचे मथळे मोठ्या टायपात असत. मला धड वाचता आलेलं पहिलं वाक्य 'बंधूंनो, जागे व्हा' हे होतं. पुढं कित्येक दिवस आई सकाळी उठवायला आली की मी पांघरुणातून तिलाच ते ऐकवत असे.

असा वाढलेला मुलगा मोठेपणी काय करणार? मी सह्या गोळा करू लागलो. गल्लीत नळ हवा, गुत्ता नको, शाळेला आडोसा हवा, असे अर्ज लिहायचे आणि दारोदार फिरून सह्या घ्यायच्या. ज्यांना लिहिता येत नसे त्यांच्या वतीनं मीच सही करी. कधी विचारून करी. कधी विचारतही नसे. नळ येणार तर त्यांच्याच भल्यासाठी, त्यात विचारायचं काय? अर्जावर दोनशे नावं दिसली की मला दोनशे माणसं माझ्यामागं उभी असल्यासारखं वाटे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

पावसाळा संपता संपता अक्काची खालची उजवी दाढ ठणकू लागली. लवंगेचं तेल झालं, हळद-मीठ झालं, आईचा शेक झाला. गाल एवढा सुजला की वर्गात मुली फळ्याकडं बघेनात, गालाकडंच बघत. तेव्हा ठरलं, दुर्गदबैलातल्या दाताच्या डॉक्टरकडं जायचं.

त्याला हुबळीत येऊन फार दिवस झाले नव्हते. कलकत्त्याला शिकून आला म्हणत. कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्याचा दवाखाना. जिन्याच्या तोंडाशी गुलाबी हिरड्यांची, पांढऱ्या दातांची एक कवळी काचेच्या पेटीत हसत असे. वर गेलं की बाक, बाकापुढं हिरवा पडदा, पडद्यामागं खुर्ची आणि पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र. खिडकीत काचेची बरणी होती. तिच्यात काढलेले दात. खाली भाव करणाऱ्या गिऱ्हाइकांचा गलका इतका की आत कोणी ओरडलं तरी रस्त्यावर कळलं नसतं. बरणीशेजारी स्टुलावर एक लांबट वही, आणि वहीला सुतळीनं बांधलेली जांभळी पेन्सिल, ओली केली की शाईसारखी उमटणारी.

अक्का आत गेली. मी बाकावर बसलो. शेजारी एक धान्याचा व्यापारी गाल धरून बसला होता. त्याला मी विलायती साखरेनं दात कसे कुजतात ते समजावून देऊ लागलो. त्यानं दुखऱ्या तोंडानंच वाद घातला, आणि वाद चांगलाच रंगला. मध्ये एकदा डॉक्टरनं पडद्यातून डोकं बाहेर काढून काहीतरी विचारलं, ते मला आठवत नाही. म्हणजे पुढचे तीन दिवस आठवत नव्हतं.

अक्का बाहेर आली ती पदर तोंडावर धरून. पदर लाल झाला होता. डॉक्टर मागून म्हणाला, "थंड पाण्यानं गुळण्या. पुढच्या शनिवारी आणा त्यांना. वरचे पुढचे सहा काढून टाकू. पायोरिया आहे. हिरड्यातला पू पोटात जातो, तिथनं गुडघ्यात उतरतो. मग कवळी बसवू, मोत्यासारखी."

'आणा त्यांना' असं म्हणाला तो, 'या' नाही. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर कापूस काढून अक्कानं आरशात पाहिलं. एक दाढ नव्हे, चार गेले होते. उजवीकडचे तीन ओळीनं, आणि डावीकडचा एक. तिनं जिभेनं एकेक खड्डा चाचपला. मग एवढंच म्हणाली, "मी एकच सांगितली होती."

त्या संध्याकाळी तिनं भाकरी डाळीच्या पाण्यात भिजवून खाल्ली. आमच्याकडची जोंधळ्याची कडक भाकरी, शेंगाचटणी, यांवर वाढलेली बाई ती. आईनं डोळ्याला पदर लावला तर तिच्यावरच चिडली. "खालचे आहेत, दिसत नाहीत. वरचे गेले की रड." पण सोमवारी शाळेतून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. धडा मोठ्यानं वाचताना एका मुलीनं दुसरीला कोपर मारलेलं तिनं पाहिलं होतं. खालच्या चार दातांनी एवढं, तर वरचे सहा गेल्यावर चाळीस मुलींसमोर ती उभी कशी राहणार? शाळा हे तिचं पोट होतं, आणि पोटापेक्षाही जास्त काही होतं. तिथं तिला कोणी कोणाची विधवा म्हणत नसे. इकडे मास्तरीणबाईला मुलं अक्कोरु म्हणतात, तशी ती सगळ्या गल्लीची अक्कोरु होती. आणि शनिवार पाच दिवसांवर होता.

माझा संशय त्याच रात्री उगवला होता, सोमवारपर्यंत त्याला फांद्या फुटल्या. एका दाढेसाठी गेलेल्या बाईचे चार दात का निघावेत? अजून सहा का निघायचे? कवळी खपावी म्हणून! बरणी कशासाठी? वाण्याच्या दुकानात कोणी सांगितलं, तो काढलेले चांगले दात धुऊन दुसऱ्याच्या कवळीत बसवतो. आणखी एक म्हणाला, त्याचं कलकत्ता म्हणजे शेजारच्या गदगच्या पलीकडं नाही. मी हे सगळं ऐकत गेलो आणि एकालाही विचारलं नाही, तुला कसं कळलं म्हणून. संशयाला दुजोरा हवा असतो, पुरावा नको असतो.

मंगळवारी मी पत्रक लिहून काढलं. मथळा, 'दंतवैद्य की दंतचोर?' खाली, 'मूक अबलेच्या मुखातील चार निरोगी दातांची दिवसाढवळ्या लूट.' अंगात आलं होतं माझ्या. कागद घेऊन मी जुन्या हुबळीतल्या छापखान्यात गेलो.

तिथला कंपोझिटर म्हातारा कानडी माणूस. सगळे त्याला अप्पा म्हणत, तो सगळ्या पोरांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणे. मराठी टाइप तो आमच्यापेक्षा भरभर जुळवी. तोंडात एकही दात नव्हता, तरी सुपारी चालूच. खलबत्त्यात कुटून घेई. त्यानं माझं पत्रक वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मथळ्यावर काळं बोट ठेवलं.

"निरोगी होते हे कुणी सांगितलं, तम्मा?"

"अक्काला फक्त एकच दुखत होता."

"दुखत नाही ते सगळं निरोगी? मग मी अजून लग्नाचा आहे की." तो बोळक्या तोंडानं हसला. "त्याची वही बघितलीस काय? वही असते त्यांच्याकडं. माझे गेले तेव्हा न्हाव्यानं काढले, त्याच्याकडं वही नव्हती, म्हणून मला कुणावर पत्रक काढता आलं नाही. तुझ्या नशिबानं याच्याकडं आहे. बघून ये. तोवर मी मथळा जुळवतो."

वही! माझ्या डोक्यात ती आलीच नव्हती. त्यानं वहीत काय लिहिलं असेल? खोटंच असणार. आणि खोटं कागदावर सापडलं तर याहून मोठं पत्रक होईल. मी जवळजवळ पळतच दुर्गदबैलात आलो.

डॉक्टर एकटाच होता, खिडकीशी चहा पीत. मी वही मागितली. मला वाटलं, नाही म्हणेल, हाकलून देईल. त्याच्यासाठी दोन-तीन वाक्यं मी जिन्यावर तयार करून ठेवली होती. तो म्हणाला, "बघा की." वही काढली, पान उघडलं आणि वरखालच्या माणसांच्या नावांवर टीपकागद ठेवला. "दुसऱ्यांची तोंडं तुम्हाला कशाला?"

इतक्या सहज दाखवतो म्हणजे नक्कीच काहीतरी घोळ आहे, असं माझ्या मनात आलं. नाकारलं असतं तरी तेच आलं असतं.

अक्काचं नाव, वय, तक्रार. तक्रारीच्या रकान्यात इंग्रजीत एकच दाढ, खालची उजवी. पुढच्या रकान्यात अधिकाच्या चिन्हासारखी एक फुली. तिच्या चार कोपऱ्यांत दातांचे आकडे लिहायचे. खालच्या डाव्या कोपऱ्यात तीन आकडे, उजव्यात एक.

मी ओरडलोच. "सापडलात! तिचे तीन उजवे काढलेत आणि इथं डावे लिहिलेत! खोटी नोंद!"

त्यानं चहाचा कप ठेवला. "माझ्यासमोर उभं राहा. हं. तुमचा उजवा हात वर करा. माझ्या कुठल्या बाजूला आला?"

डाव्या.

"तोंड मी असं समोरून बघतो. जसं दिसतं तसंच कागदावर. सगळीकडे असंच लिहितात." तो चिडला नव्हता, हे मला जास्त लागलं. "आता इतकं वाचलंत तर शेवटचा रकानाही वाचा."

शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'पेशंट किंवा पालक'. त्याच्या खाली जांभळ्या पेन्सिलीनं केलेली सही माझी होती.

माझ्या सहीला तेव्हा एक शेपूट असे. अर्जांवर ती उठून दिसावी म्हणून मी शेवटच्या अक्षरातून डावीकडे मागं एक लांब फरांटा ओढी. तोच फरांटा. मला नाही म्हणायला जागाच नव्हती. आणि मग, विसरलेलं सगळं एकदम पुढं आलं. जिना चढून आल्या आल्या डॉक्टरनं वही पुढं सरकवलेली. पेन्सिल जिभेला लावून मी सही केलेली. न वाचता, कारण सही करणं हे माझं रोजचं काम. मग तो व्यापारी, विलायती साखर. आणि पडद्यातून आलेलं डोकं: "एल्ला तेगीलेन्रि?" सगळे काढू काय? मी साखरेवरच्या माझ्या वाक्याच्या मध्यावर होतो. हात हलवून म्हणालो, "हूं, हूं. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

तेहेतीस वर्षांची, दोन भाषा लिहिणारी, मला अक्षरं शिकवणारी बाई खुर्चीत होती, आणि तिचा पालक एकोणीस वर्षांचा, बाकावर.

"तिला का नाही विचारलं?" मी म्हणालो.

"बाईबरोबर पुरुष आला की पुरुषाला विचारतो. ही इथली रीत. सुरुवातीला एकीला विचारलं होतं, तर तिचा नवरा माझ्यावर धावला. माझ्या बायकोशी माझ्यादेखत बोलतोस म्हणून." तो कप उचलू लागला. "चारी दात खराब होते. तीन दातांत पू होता."

"आणि चौथ्यात?"

"होणार होता."

मी वही पुन्हा जवळ ओढली. संशय मेला नव्हता. त्याला फक्त दुसरी वाट मिळाली होती. माझ्या सहीचा फरांटा शेजारच्या दातांच्या रकान्यात शिरला होता. त्याच्यावर डॉक्टरचा निळा आकडा बसला होता. जांभळं खाली, निळं वर. म्हणजे मी सही केली तेव्हा तो रकाना कोरा होता.

"सही आधी, आणि आकडे मागून?" मी विचारलं.

"पेशंट खुर्चीत असताना वही कोण लिहिणार?"

"म्हणजे मी कोऱ्या कागदावर सही केली, आणि तुम्ही घेतलीत."

"तुम्ही दिलीत," तो म्हणाला.

मी वही मिटली आणि जिना उतरलो.

घरी आलो तेव्हा अक्का वह्या तपासत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "पडद्याच्या आतून सगळं ऐकू येत होतं. साखरसुद्धा."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"माझ्या तोंडात त्याचा अंगठा होता." तिनं एका उत्तरावर चुकीची फुली मारली. "मी बोट वर केलं होतं. एक. एकच, म्हणून. त्याला वाटलं दुखतंय. 'साकु, साकु, आयितु,' म्हणाला. झालंच म्हणे. आणि पुढचा धरला."

"पण नंतर? घरी आल्यावर? तीन दिवस झाले, अक्का!"

आता तिनं मान वर केली. "नंतर तू लिहायला बसलास. तू मला विचारलंस कुठं? विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

मी खिशातून पत्रकाचा मसुदा काढून तिच्यापुढं ठेवला. का ठेवला, सांगता येत नाही. कदाचित शाबासकी हवी होती, निदान हेतूसाठी. तिनं वाचला. तिच्या ओठाची कड हलली.

"मूक अबला कोण?"

मी मसुदा परत घ्यायला हात पुढं केला. तिनं तो सोडला नाही.

"मी सात वर्षं चौथीला शिकवते. बाजारात भाजीवालीशी भांडते. माझं नाव नाही घातलंस, पण कमरीपेठेत दात काढून आलेली मूक अबला कोण ते कोणाला कळणार नाही? उद्या माझ्या वर्गातल्या पोरी हे वाचतील. हे छापायला मी 'हो' कधी म्हटलं?"

असा मी एका आठवड्यात दोनदा तिचा पालक झालो होतो. दुसऱ्यांदा तर तिच्या तोंडात कोणाचा अंगठाही नव्हता.

मी छापखान्यात परत गेलो. अप्पानं मथळा आणि अर्धा मजकूर जुळवून ठेवला होता. मी सांगितलं, मोडा. त्यानं का म्हणून विचारलं, तेव्हा डाव्या-उजव्याची गोष्ट तेवढी सांगितली. सहीची सांगायला जीभ उचलली नाही. तो खो खो हसला. "चाळीस वर्षं मी उलटं वाचतोय, तम्मा. एकही अक्षर सुलटं माझ्या हाती आलेलं नाही. तुला एक तोंड वाचता आलं नाही?" मग अक्षराचा एकेक खिळा परत त्याच्या खणात टाकू लागला. 'चोर'मधला च त्यानं क्षणभर बोटात धरला. "आणखी काय होतं वहीत?"

"काही नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि च खणात टाकला. खोट्या नोंदीचा आरोप घेऊन निघालो होतो मी, आणि त्या दिवशीची एकुलती एक खोटी नोंद माझ्या तोंडून झाली.

शनिवार आला. अक्कानं जायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, जाऊच नको, तो माणूस खरा नाही. ती म्हणाली, "वरचे दोन हलतात. ते मला कळतं, मी रोज जिभेनं बघते. तू ये, पण बाकावर बस. आणि साखरेवर बोलायचं नाही."

जिन्यावरून वर गेल्यावर डॉक्टरनं सवयीनं वही माझ्याकडं सरकवली. अक्कानं ती मधेच धरली. उभ्यानं मागचं पान उघडलं, स्वतःची ओळ वाचली, माझी सही वाचली. मग डॉक्टरला म्हणाली, "आधी दात दाखवा. सहाही. आरसा माझ्या हातात द्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतल्या बरणीकडं पाहिलं.

पडदा त्या दिवशी ओढला नाही. ती खुर्चीत बसली, हातात छोटा आरसा. तो एकेका दाताला हत्यारानं टोकरी, ती आपल्या बोटानं हलवून बघे. दोन खरंच डुलत होते. बाकीचे चार तिच्या बोटाला हलले नाहीत. तो म्हणाला, "आज नाही तर दोन वर्षांनी जातीलच. एकदाच काढले तर कवळी नीट बसते."

"ती दोन वर्षं मला हवी आहेत," अक्का म्हणाली.

ती उठली, वहीपाशी आली. पेन्सिल जिभेला लावली नाही. गुळणीच्या पेल्यात बुडवली. तिनं लिहिलं ते मी तिच्या खांद्यावरून वाचलं. 'वरचे हलणारे दोन दात काढावेत. बाकीचे चार काढू नयेत. मध्येच काही निघालं तर थांबून मला विचारावं.' खाली तेच कानडीत, त्याला वाचता आलं नाही असं म्हणायला नको म्हणून. खाली सही. मग मागचं पान उलटून माझ्या सहीशेजारच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात: 'ही सही माझी नाही. मला विचारलं नव्हतं.'

"वहीत अशी खाडाखोड..." डॉक्टर म्हणू लागला.

"खाडाखोड नाही. भर आहे," ती म्हणाली. "त्याचं तसंच राहू द्या. तेही खरंच घडलं आहे."

आणि जाऊन खुर्चीत बसली, तोंड उघडलं. त्यानं चिमटा हातात घेतला, एका दातापाशी नेला आणि थांबला. "हा ना, अक्कोरु?"

तिनं बोट वर केलं. एक. तो थांबला, वाट पाहिली. मग तिनं मान हलवली.

वरचे ते चार दात अजून शाबूत आहेत. दोन वर्षं केव्हाच उलटली. तेव्हा तो चौथा खालचा दात खरोखर खराब होता का, हे मला कधीच कळणार नाही. तो बरणीत गेला, आणि बरणीत सगळे सारखेच दिसतात. अक्का म्हणते, ज्यानं विचारायला शिकून घेतलं त्याला आणखी किती छळायचं. ती अजूनही त्याच्याकडंच जाते. माझा मात्र त्याच्यावर विश्वास नाही, आणि आता तो का नाही हे मी सांगू शकतो.

जवळपास दुसरा दाताचा डॉक्टर नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी माझ्याच दाढेसाठी त्या माडीवर गेलो. पडदा ओढलेला होता. आत कोणी बाई कण्हत होती. बाकावर चांगल्या कपड्यांतला एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसला होता. स्टुलावर वही उघडी होती. शेवटच्या रकान्यात ताजी जांभळी सही, आणि शेजारचा रकाना कोरा. मी बघत असतानाच पडद्यातून डोकं बाहेर आलं आणि त्यानं त्या गृहस्थाला विचारलं. गृहस्थानं वर्तमानपत्र न उतरवता हात हलवला.

डॉक्टर विचारायला शिकला होता तो एका अक्कोरूपुरता. मी उठलो आणि बाकावरून म्हणालो, "त्यांनाच विचारा की!" दोघांनीही माझ्याकडं असं पाहिलं, जणू माझाच दात कोणी उपटला होता. पडदा पुन्हा सरकला. आत काय झालं, मला माहीत नाही.

मी आता पत्रक काढत नाही. काढलं तर त्या बाईला पुन्हा कोणी विचारलेलं नसेल. म्हणून वाचकहो, तुमच्याकडं एक मागणं आहे, आणि ते आजच करायचं आहे. घरी जा. आई, बहीण, बायको, जी असेल तिच्यासमोर बसा. दवाखान्यात, शाळेत, कचेरीत, तिच्या जागी तुम्ही कुठं कुठं 'हूं' म्हणालात ते आठवून सांगा. सह्या केल्या असतील तर त्याही सांगा. मग विचारा, तेव्हा तुला काय हवं होतं? आणि ती बोलेपर्यंत थांबा. पुढच्या खेपेला वही तुमच्याकडं सरकली तर पेन्सिल तिच्या हातात द्या, तिचं तोंड अजून मोकळं आहे तोवर.